बत्तिसावा खांदा

खोत कारकून कोटाचं बटण लावून घ्यायला माझ्या दुकानात आले तेव्हाच मी ओळखलं, बटण हे निमित्त आहे. ते तुटलेलं नव्हतं, कापलेलं होतं. झिजून तुटलेला दोरा कोणता आणि कातरीनं कापलेला कोणता, हे शिंप्याला सांगावं लागत नाही.

ते बाकावर टेकले. बाहेर माघातलं ऊन वाळत घातलेल्या हळदीसारखं पसरलं होतं आणि कचेरीपुढच्या पटांगणात मांडवाचे बांबू रोवणं चाललं होतं. करंजगड संस्थान विलीन होऊन वर्ष उलटलं होतं. राजाच्या अमलात कुणाकुणावर काय जुलूम झाला ते ऐकून सरकारी दप्तरात नोंदवायला ताम्हणे नावाचे एक साहेब मुंबईहून आले होते. दुसऱ्या दिवशी आमच्या टाकळवाडीची पाळी होती.

"केरबा," खोत रस्त्याकडं बघत म्हणाले, "उद्या तुझी जबानी निघणार."

सुई माझ्या बोटात शिरली.

"ती जळाली नाही, अण्णा?"

"नाही जळाली."

विलीन व्हायच्या आधी दिवाणानं कचेरीच्या परसात दोन दिवस कागद जाळले होते. वेठीचे कागद, फटक्यांचे कागद, सगळी राजवट धूर होऊन चिंचेच्या शेंड्यावरून निघून गेली. पोलिसांच्या कागदांचे रुमाल तेवढे वाचले. त्या खोलीची किल्ली खोतांच्या जानव्याला होती आणि खोत नेमके ते दोन दिवस सासुरवाडीचा पाहुणचार घेत होते. आता तेच खोत, त्याच टाकानं, नव्या सरकारची नोंद लिहीत होते.

"मोडी माझ्या हातची आहे," ते म्हणाले. "साहेबांना ती लागत नाही, म्हणजे वाचणार मीच. तळाशी तुझी सही आहे. तू म्हणालास तर कोपरा पावसात भिजलाय असं सांगेन. सकाळी जाताना तुझ्याकडं बघतो. मान हलव किंवा नको हलवू."

बटण लावून झालं. उठता उठता ते म्हणाले, माणूस तू वाईट नाहीस, केरबा, तुला फक्त थांबता येत नाही.

जबानी कशाची, ते आधी सांगायला हवं. एकोणचाळीस साली आमच्या राजाला मोटार घ्यायची हुक्की आली. मोटार आली, पण तिला चालायला रस्ताच नव्हता. घाटाच्या पायथ्याशी येऊन थांबली. मग टाकळवाडीची बत्तीस माणसं वेठीला धरली. मोटारीखाली वासे घातले, आणि घाट, ओढे, नदी ओलांडत ती बत्तीस खांद्यांवरून वाड्यात पोचली. नदीच्या मधल्या धारेत राणू कुंभाराचा पाय सुटला आणि चाक त्याच्या छातीवर आलं. संस्थानच्या दप्तरात नोंद झाली ती अशी, की प्रजेनं राजावरच्या मायेपोटी आपखुशीनं मोटार वाहून नेली. आणि राणू कुंभार नावाचा इसम त्या दिवशी पोहताना बुडाला.

राणू हा गवरावहिनींचा पाठचा भाऊ, आणि वहिनी म्हणजे आमच्या म्हालू शाहिराची बायको. म्हालूदा कुंभारच. एरवी चाकावर मडकी आणि जत्रेत डफावर पोवाडे. चिखलाचे हात धुऊन डफ घेतला की त्याचं अंग निराळंच दिसे, आव्यातून निघालेल्या घागरीसारखं तांबूस आणि खणखणीत. त्यानं मोटारीचा पोवाडा बांधला, नऊ चौकांचा. शेवटच्या चौकांत बत्तीसच्या बत्तीस नावं गुंफली, बाया दळताना माहेरची एकेक माणसं ओवीत बसवतात तशी. डफ त्याचा, तुणतुणं माझं, आणि झीलही माझीच. त्याची ओळ संपेल तिथं मी 'जी जी रं जी' उचलायचं.

महिनाभर तालीम केली आणि जत्रेत एकदाच म्हटला. पंधरा दिवसांनी म्हालूदाला धरून नेलं. दोन वर्षं तुरुंग, डफ जप्त, आणि सुटताना संस्थानच्या हद्दीत पुन्हा गाणार नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलं. खटला बंद दाराआड चालला. पुरावा म्हणून एकच जबानी पुढं केली होती आणि ती माझी होती. हे मला माहीत होतं, खोतांना माहीत होतं, आणि मेलेल्या फौजदाराला. म्हालूदाला जबानी वाचून दाखवली होती, देणाऱ्याचं नाव सांगितलं नव्हतं.

खोत येऊन गेले त्याच दुपारी म्हालूदा दुकानात आला. काखेत जत्रेतला जुना अंगरखा होता.

"खांद्यात ढिला झालाय. उद्यासाठी आवळून दे."

मी माप घेतलं. तुरुंगानं आणि त्यानंतरच्या मुकेपणानं त्याचा खांदा दोन बोटं उतरला होता. दुसऱ्यांचे खांदे मी कापडात सरळ करून देतो. माझा उजवा उतरला तो उतरलाच. कापडाचा तागा अजूनही मी डावीकडंच घेतो.

तो खुशीत होता. साहेबानं डफ परत द्यायचं कबूल केलं होतं. अडचण एकच होती. बत्तीस जणांना जबरीनं धरलं म्हणता, तर बत्तीस नावं द्या, नावांशिवाय नोंद बदलता येत नाही, असं साहेबाचं म्हणणं. आणि नावं म्हालूदाला सगळी आठवत नव्हती. नऊ वर्षं ओठांवर न आलेलं गाणं जागोजागी विरलं होतं. कुणी गिरणीत गेले, कुणी मेले. गावात विचारावं तर जो तो आपलं नाव सांगे आणि शेजाऱ्याचं खोडून काढी. आम्ही दोघं बोटांवर मोजत बसलो आणि सव्विसावर येऊन अडकलो.

"डफ हातात आला आन् तू मागं हुबा ऱ्हायलास की येतील," तो म्हणाला. "तुझी झील कानावर पडली की पुढली वळ आपसूक येती मला. बिनझिलीचा शाहीर म्हंजे बिनदोऱ्याची सुई."

 मग सहज बोलल्यासारखं बोलला, "ती जबानी देणारा कोण असंल रं?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही. सगळ्या अंगरख्याला लावून झाल्यावर मी विचारलं, "सापडला तर काय करशील?"

"आधी त्याचं पाठांतर तपाशीन," म्हालूदा म्हणाला. "मग बघू."

सकाळी खोत दुकानावरून गेले. नव्या बटणाचा कोट घालून ते दारापुढं क्षणभर थांबले. मी मान हलवली नाही. होकाराला नाही आणि नकारालाही नाही. त्यांनी आपल्या मनानं अर्थ लावून घेतला असावा.

मांडवात गाव लोटलं होतं. ताम्हणेसाहेब चाळिशीचे, बारीक अंगाचे. कचेरीतली राजाची नक्षीची खुर्ची त्यांच्यासाठी मांडली होती, ती त्यांनी बाजूला सारायला लावली आणि शाळेतली एक डुगडुगती खुर्ची मागवली. तिच्या पायाखाली पाटीचा तुकडा सरकवावा लागला. त्या एका गोष्टीनं गाव त्यांच्यावर खूश झालं होतं. म्हालूदानं आवळलेल्या अंगरख्यात उभं राहून गाऱ्हाणं सांगितलं, फार थोडक्यात. शेवटी म्हणाला की सव्वीस नावं देतो, सहा गेली. साहेब म्हणाले, फार अवघड आहे.

तेव्हा खोतांनी रुमाल सोडला. "साहेब, या जबानीत अख्खा पोवाडा आहे."

ते वाचायला लागले ते पंचनामा वाचावा तसं. आवाजात ना चढ ना उतार. "सदर शाहीर म्हणाला की, हत्ती झाला जुनापुराणा, राजा म्हणे मोटार आणा. येणेप्रमाणे मोटार आली सायबाची, वाट नव्हती पायाची. जी जी रं जी."

बायकांच्या बाजूनं खसखस पिकली. साहेबांनी वर बघून विचारलं, ते शेवटचं कागदात आहे का? आहे, खोत म्हणाले, आणि त्यांनी कागद पुढं धरला. नऊ वर्षांपूर्वी प्रत्येक ओळीमागं त्यांनी ते इमानानं लिहून ठेवलं होतं. त्यांच्या मते जबानीतला एकही शब्द गाळणं हा गुन्हा होता.

पुढच्या ओळीला मांडवाच्या कोपऱ्यातून एका म्हाताऱ्यानं 'जी जी रं जी' दिली. त्याच्या पुढच्या ओळीला दहा जणांनी. मग खोत वाचत राहिले आणि गाव झील धरत राहिलं, आणि त्या रुक्ष माणसाचा आवाज, त्याच्या नकळत, ठेक्यावर यायला लागला. तिसऱ्या चौकात साहेबांची पेन्सिल टेबलावर वाजायला लागली. त्यांचं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती खाली ठेवली. थोड्या वेळानं पुन्हा उचलली.

सातव्या चौकात नावं आली.

"पहिला खांदा सावळा धनगर, दुसरा त्याचा भाऊ शंकर."

सावळा धनगर काठी टेकत उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. मग भाऊ उभा राहिला. मग एकेक नाव आलं आणि एकेक माणूस उठत गेला. मेलेल्यांच्या जागी त्यांच्या बायका उठल्या, मुलं उठली. बाळू लोहाराचा मुलगा म्हणाला, माझा बा गेलाय, पण हाय म्हणून लिवा. साहेबांनी तसंच लिहिलं. ज्यांची नावं आम्ही दोघं आठवत बसलो होतो ती हरवलेली नावंसुद्धा त्या कागदावर कोरडी ठणठणीत बसून होती, कणगीतल्या दाण्यासारखी.

 एका जागी खोतांनी चष्मा पुसला.

"राणू कुंभार मधल्या धारंला, पाय सुटला, चाक उराला. राजा म्हणे मोटार सांभाळा, माणसं मिळतील उंद्याला."

इथं कुणी झील धरली नाही. गवरावहिनी उभ्या राहिल्या. साहेबही उभे राहिले, तशी डुगडुगती खुर्ची मागं पडली आणि ती उचलायला कुणी गेलं नाही.

"दप्तरात लिवलंय तो पवताना बुडाला," वहिनी म्हणाल्या. "सायब, त्याला पवाया येतच न्हवतं."

साहेबांनी खोतांच्या हातून टाक घेतला आणि ते वाक्य स्वतः लिहिलं. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या खाली बसल्या, ओझं उतरवून बसावं तशा.

वाचन संपलं. साहेबांनी नावं मोजली. पुन्हा मोजली.

"एकतीस होतात," ते म्हणाले. "तुम्ही बत्तीस म्हणता."

गलका झाला. तिघांनी आपापल्या आज्याचं नाव पुढं केलं. त्यातला एक आजा मोटार यायच्या आधीच वारला होता, हे त्याच्या शेजाऱ्यानं तत्परतेनं सांगितलं. म्हालूदा मात्र डोळे मिटून मांडीवर बोटांनी ठेका धरून होता.

"थांबा," तो म्हणाला. "आठव्या चौकात एक वळ गाळलीया. तिथं ठेका मोडतोय."

त्यानं डोळे उघडले आणि ते मांडवाच्या मागच्या कोपऱ्याकडं वळले. तिथं बांबूला टेकून मी उभा होतो.

"जबानी कुणाची आहे?" साहेबांनी विचारलं.

खोतांनी कागद उलटसुलट केला. "कोपरा भिजलाय, साहेब. सही लागत नाही."

तो कागद भाजल्या पापडासारखा कोरडा होता. मला फक्त गप्प राहायचं होतं. पण एकतीस माणसं, जिती आणि मेलेली, माझ्यापुढं उभी होती आणि नोंद एका खांद्यावाचून अडली होती. ती गाळलेली ओळ मी विसरलोय असं मी नऊ वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो. अख्ख्या पोवाड्यातली तेवढी एकच ओळ मला रोज आठवायची.

"सही माझी आहे," मी म्हणालो.

पुढं येईपर्यंत लोकांनी वाट करून दिली. मग मी सगळं सांगितलं. फौजदारानं चावडीत बोलावलं ते फक्त दोन ओळींसाठी, 'राजा म्हणे मोटार सांभाळा' या. एवढ्या म्हण आणि जा, नाहीतर तुझं शिलाईचं मशीन उचलून नेतो. मी भ्यालो आणि म्हटल्या. तेवढ्यावर शाहिराला ताकीद देऊन सोडलं असतं. पण खोतांनी टाक शाईत बुडवून नुसतं 'पुढं?' विचारलं, आणि मी मागं जाऊन पहिल्या चौकापासून सुरू झालो. चौक अर्धा टाकून उठायचं कसं? दुसऱ्या चौकाला मी उभा राहिलो. पाचव्याला दारातला शिपाई झील द्यायला लागला. जन्मभर दुसऱ्याच्या ओळीचं शेपूट धरणारा माणूस मी. त्या दिवशी पहिल्यांदा अख्खा पोवाडा माझ्या एकट्याच्या गळ्यातून निघत होता, आणि देवाशपथ, तो गोड निघत होता. मला थांबवेना. आठव्या चौकात माझं स्वतःचं नाव आलं तेव्हा कुठं मला समोरचा फौजदार दिसला. तेवढी ओळ गिळली आणि पुढं गेलो.

"बत्तिसावा मी आहे, साहेब. मागचा उजवा कोपरा."

 म्हालूदा उठून माझ्यासमोर आला. त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता.

"दोन वळी इचारल्या," तो हळू म्हणाला, "आन् तू नऊ चौक दिलंस."

"व्हय."

"माझ्या मागं तर तुला तिसऱ्या चौकातच धाप लागायची."

मागं कुणीतरी फसकन हसलं. म्हालूदाची मिशी हलली. "दोन वरसं कोठडीत एकच इचार करत हुतो," तो लोकांना सांगायला लागला, "की मुडद्याला एवढं पाठ हाय कसं." आणि मग तो हसला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि हसता हसताच त्यानं माझ्या अंगरख्याची गळपट्टी मुठीत धरून मला एकदा गदगदा हलवलं.

"हसतोय म्हंजे माफ केलं असं न्हाई," तो म्हणाला. "निवाडा मी न्हाई करायचा. ती दोन वरसं निम्मी हिची हाईत."

सगळे गवरावहिनींकडं बघायला लागले. वहिनी हसत नव्हत्या. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, घागरीला चीर आहे का बघतात तसं.

"दोन वरसं मी एकलीनं माती तुडवली," त्या म्हणाल्या. "पोटुशी हुते तवाबी तुडवली. ह्यो शिंपी दोन वरसं दर सोमवारी यील आन् माझी माती तुडवील. आन् च्या मागायचा न्हाई."

साहेब चाचरत म्हणाले, बाई, मला शिक्षा देण्याचा अधिकार नाही, मी फक्त नोंद करतो.

"मग करा की नोंद," वहिनी म्हणाल्या. "शिक्षा म्या दिली."

खोत लिहायला लागले. दोन वर्षांची मुदत होती. माती तुडवायला मी अकरा वर्षं गेलो, पण ते पुढचं. आणि चहा पहिल्याच सोमवारी मिळाला, गुळाचा, एका नव्या कोऱ्या बोळक्यातून.

डफ आणला. त्यावर लाखेची मोहोर होती आणि सुतळीला बांधलेली चिठ्ठी. म्हालूदानं मोहोर नखानं उडवली आणि थाप मारली, तर डफ ओल्या पोत्यासारखा बोलला. कातडं नऊ वर्षं उपाशी होतं. कुणीतरी मांडवाबाहेर पाचट पेटवलं. म्हालूदा उकिडवा बसून डफ जाळावर फिरवत राहिला, तान्ह्या लेकराची टाळू शेकावी इतक्या हळू. मध्येमध्ये बोटानं टिचकी मारून कान देई. गाव भोवती गोळा झालं, साहेबही खुर्ची सोडून आले. चौथ्या टिचकीला कातड्यानं हुंकार दिला, पाचव्याला ते खणकन वाजलं, आणि बायकांच्या घोळक्यातून कुणी तरी म्हणालं, आली गं बाई.

तो उठला. मी सवयीनं त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. तुणतुणं जवळ नव्हतं, नुसता गळा होता. त्यानं आठवा चौक धरला. नाव आलं, मी झील दिली. नाव आलं, झील दिली. माझ्यामागं गाव होतं. आणि ती जागा आली तिथं म्हालूदा थांबला. डफ चालू होता, ओळ नव्हती. त्यानं मला दंडाला धरून पुढं ओढलं आणि स्वतः माझ्या मागं जाऊन उभा राहिला.

मी डोळे मिटले.

"केरू शिंपी मागल्या कोपऱ्याला, खांदा फाटला, टाका कुनी घातला?"

माझ्या पाठीमागून, कानाला लागून, शाहिराची झील आली. त्या गळ्यानं जन्मात कधी झील धरली नव्हती. जरा वरच्या पट्टीत लागली, पण लागली. मग सगळा मांडव उठला. सावळा धनगराची काठी ठेक्यात आपटायला लागली, आणि ताम्हणेसाहेब, हात पाठीशी बांधून, ओठ हलवत होते.

गलका ओसरला तसं खोतांनी माझं नाव लिहिलं, त्यापुढं बत्तीस आकडा घातला, आणि टाक पुन्हा शाईत बुडवून, त्याच जुन्या सवयीनं, मान वर न करता विचारलं, "पुढं?"

"पुढं सोमवार," गवरावहिनी म्हणाल्या.